पाठीवरचा रंग

ते बक्षीस माझ्याकडे एकूण एकोणीस दिवस होते. त्यांतले पहिले अकरा दिवस मी आनंदात घालवले असे लिहायला हवे. प्रत्यक्षात मी ते झोपेत घालवले. एम. एस्सी.ची अखेरची परीक्षा, प्रयोगशाळेतले काम आणि या दोहोंच्या फटीत कसाबसा बसवलेला तो निबंध यांनी वर्षभरात मला पुरते थकवले होते. जयपूरचा मे महिना होता. दुपारी आई वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारी, मला उठवून चहा देई, आणि मी कप खाली ठेवून पुन्हा आडवी होई. बक्षिसाचे पत्र चुरगळू नये म्हणून उशाशी एका जाड पुस्तकात ठेवले होते. जाग आली की मी ते उघडून वाचत असे. मजकूर तोच आहे ना, एवढेच पाहायचे असे.

बक्षीस इंग्लंडमधल्या एका विद्वन्मंडळाचे होते. आफ्रिकेतल्या शैलचित्रांवर विद्यार्थ्यांनी केलेल्या संशोधनासाठी ते दिले जाई आणि राष्ट्रकुलातल्या कोणत्याही विद्यापीठातून त्यासाठी निबंध पाठवता येई. त्याची सूचना आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या फलकावर कशी आली, कोणास ठाऊक. तिच्या एका बाजूला हरवलेल्या छत्रीची चिठ्ठी होती आणि दुसऱ्या बाजूला ब्यूरेट फोडणाऱ्यांची यादी. मी अटी उतरवून घेतल्या. वयाची मर्यादा, मार्गदर्शकाचा दाखला, काम स्वतःचे असल्याचे प्रतिज्ञापत्र. आफ्रिका पाहिलेली असावी, अशी अट नव्हती. विजेत्याला इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत वर्षभर काम करता येणार होते. माझ्या दृष्टीने सूचनेत एवढे एकच वाक्य होते.

त्याचे कारण घरात होते. वडील टपाल खात्यात अधिकारी. बदल्यांच्या हिशेबाने जयपूरचे आमचे दिवस संपत आले होते, आणि पुढच्या गावी मला कुमारिका म्हणून न्यायचे नाही, असे वडिलांच्या मनात होते. पुण्याचे एक स्थळ आले होते. मुलगा इंजिनियर, माणसे समजूतदार. वडिलांनी मला बोलावून सांगितले, "तुझा निबंध मान्य झाला तर वर्षभर कोणी लग्नाचं नाव काढणार नाही. नाही झाला, तर मात्र तू नाही म्हणायचं नाहीस." मी "बरं" म्हणाले. पुण्याला तसे कळवण्यात आले आणि ती माणसे खरोखरच थांबली. बनी पार्कातल्या भाड्याच्या घरात त्यानंतर या विषयावर कोणी बोलले नाही. पण टपाल आले की तिघेही पाकिटाकडे आधी बघत असू.

निबंधाला लागणारी आफ्रिका मात्र मला घरबसल्या मिळाली. हळदीकुंकवाला आई कोणाला तरी माझ्या अभ्यासाविषयी सांगत होती. माझा विषय सांगितला की समोरची बाई गप्प होते, हे तिला पाठ होते. त्या दिवशी समोरची बाई गप्प झाली नाही. "दगडावरची चित्रं? आफ्रिकेतली?" ती म्हणाली. "अहो, ती तर आमच्या पलंगाखाली पडलीत."

या काकू. त्यांचे यजमान, ज्यांना मी पुढे काका म्हणू लागले, सैन्याच्या सर्वेक्षण तुकडीत नकाशे काढण्याचे काम करीत. शेवटची नेमणूक जयपूरला झाली. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परतायचे ते दर वर्षी ठरवीत आणि दर वर्षी खातीपुऱ्याला, रेल्वे स्टेशनाजवळच्या त्याच दोन खोल्यांत राहत. लढाईच्या काळात त्यांची तुकडी पूर्व आफ्रिकेत, टांगानिकाच्या डोंगराळ भागात, काही महिने होती. तळाजवळ एका कड्याच्या पोटात जुनी चित्रे होती: लाल रंगातली हरणे, जिराफ, हत्ती, काटकुळी माणसे. रविवारी बाकीचे पत्ते खेळत. काका त्या कड्याला ट्रेसिंगचे कापड लावून चित्रे उतरवीत.

"आफ्रिकेतनं लोकांनी हस्तिदंत आणलं," काकू मला म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी चिंध्या आणल्या."

चिंध्यांची ती गुंडाळी आणि कड्याखाली गळून पडलेल्या रंगीत कपच्यांची सिगारेटची डबी, दोन्ही मी पहिल्याच भेटीत मागून घेतली. काका खूश झाले. गुंडाळीची दोरी सोडण्याआधीच ते तळावरच्या पाण्याच्या टाकीविषयी आणि एका सार्जंटाने पाळलेल्या माकडाविषयी सांगू लागले. मी घड्याळ पाहिले. विभागातला चांगला तराजू दिवसातून दोन तास मला मिळे आणि माझी पाळी चार वाजता होती.

"एकदा माझ्यासमोर उघडू या की," काका म्हणाले. "कुठलं काय ते सांगतो तुला."

"समजेल मला, काका. तुम्ही सगळं इतकं स्वच्छ काढलंय."

"स्वच्छ तर काढलंय. पण बघितलेलं बरं."

"पुढच्या वेळी नक्की," असे म्हणून मी गुंडाळी सायकलच्या कॅरियरला बांधली. त्या वर्षात मी तिथे आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा उभ्या उभ्या.

कपच्यांचे काम सरळ होते. लाल रंग लोहाचा होता. तुलनेसाठी मी बाजारातला गेरू तपासला आणि आई कुंडीला लावते ती काव तपासली. तिन्हींत फरक होता तो भेसळीचा. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी माझे कागद वाचले आणि चष्मा काढून म्हणाले, "ठीक है बेटी, लोहा है। पर इसमें नया क्या है?" प्रश्न रास्त होता. लोह आहे हे कोणीही न तपासता सांगितले असते.

नवे काही सापडले ते नकलांमध्ये. ट्रेसिंगचे कापड पारदर्शकाजवळ जाणारे असते. त्यावर काकांनी काळ्या शाईने बाह्यरेषा काढल्या होत्या आणि आत लाल रंग भरला होता. मापे सगळी इंचांत होती. देशात मेट्रिक मापे नुकतीच येत होती, म्हणून मी आठवडाभर बसून ती सेंटिमीटरांत आणली. चित्रांकडे मी खऱ्या अर्थाने पाहिले ते त्या आठवड्यात. जवळजवळ सगळी जनावरे उजवीकडे तोंड करून होती. हे मला खटकले. उजव्या हाताचा माणूस जनावर बाजूने काढतो तेव्हा त्याचे तोंड बहुधा डावीकडे येते, असे मी कुठेतरी वाचले होते. वाचलेल्यावर विसंबायचे नाही, एवढे शिक्षण मला मिळाले होते. मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या मुलींच्या शाळेत गेले, बाईंची परवानगी घेतली आणि तीन वर्गांतल्या मुलींना कागद वाटून सांगितले, "बकरी बनाओ।" काहींनी उंट काढले. एकीने बकरी समोरून काढली, चारही पाय दिसतील अशी; ती मी मोजणीतून वगळली. उरलेल्यांतल्या बहुतेक बकऱ्यांची तोंडे डावीकडे होती.

मग त्या कड्यावरची जनावरे उजवीकडे का? मी उत्तर रचले. चित्रकारांचा हात सहज जिकडे जाईल तिकडे त्यांनी तो जाऊ दिला नव्हता; जनावरे कोणत्या दिशेला जातात हे त्यांनी ठरवून दाखवले होते; दिशेला अर्थ होता. चार नकला याला अपवाद होत्या. त्या वेगळ्या, साध्या कागदावर होत्या आणि त्यांत तोंडे डावीकडे होती. या चार चित्रांचा काळ आधीचा असावा, संकेत रूढ होण्यापूर्वीचा, असे मी लिहिले. अपवादाचाच पुरावा करून घेतला, याचा मला फार अभिमान वाटला होता. प्राध्यापक म्हणाले, "अब बात बनी।" प्रतिज्ञापत्रावर मी सही केली. नकला कोणाच्या, याविषयी निबंधात एवढेच लिहिले होते: 'एका लष्करी नकाशाकाराकडून उपलब्ध झालेल्या.' नाव घातले नाही. काम स्वतःचे असावे ही अट होती, आणि दुसऱ्याचे नाव जितके कमी दिसेल तितके बरे, असा माझा हिशेब होता.

पत्र आले ते घरी पोचण्याआधी वडिलांच्या कचेरीत सगळ्यांना कळले होते. परदेशी तिकिटाचे जाड पाकीट, पोस्टमनने ते पिशवीत न टाकता हातात धरून आणले आणि दारातूनच ओरडला, "बाईसाब, विलायत!" वडिलांनी त्याच दिवशी पुण्याला पत्र टाकले.

बाराव्या दिवशी मी उठले, कारण त्या पत्राला उत्तर द्यायचे होते. मंडळ माझा निबंध छापणार होते आणि त्यासाठी एका चित्राची ठळक शाईतली ताजी प्रत त्यांना हवी होती. मला रेषा काढता येत नाही. मी सर्वांत मोठ्या हरणाची नक्कल गुंडाळून सकाळी सहाला, गरम लू सुटण्याआधी, सायकलवर निघाले. खातीपुऱ्याचे फाटक बंद होते. मालगाडी इतकी सावकाश गेली की डबे मोजून झाले तरी ती संपेना.

काका ओसरीत दाढी करीत होते. तोंड पुसून त्यांनी पाटासारखा जुना ड्रॉइंग बोर्ड आणला, मी कापड त्यावर पसरले आणि ते वाकून बघू लागले. काकू दोन कप चहा ठेवून गेल्या.

"उलटं ठेवलंयस की," काका म्हणाले.

"उलटं कसं? पाय खाली आहेत."

"तसं नव्हे." त्यांनी दोन बोटांनी कापडाचा कोपरा धरला आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे ते उलटवले. हरीण डावीकडे बघू लागले.

"काका, रंग वर आहे ना. रंग ज्या बाजूला ती पुढची बाजू."

ते हसले. "रंग कधी वर असतो का, बाई? रंग पाठीवर. पुढं शाईची रेघ, मागं रंग. वरनं दिला तर ओल्या रंगानं शाई पसरती की. पहिल्या महिन्यात शिकवतात आम्हाला. चुकला की हवालदार हातावर फूटपट्टी मारायचा. मतलब, नकाशाची नदी बघितलीस कधी कापडावर? निळी दिसती पुढनं, पण असती मागं."

मी रेषेवरून नख फिरवले. शाई या बाजूला होती, किंचित उठलेली. लाल रंग पलीकडे. वर्षभर मी ते कापड हाताळले होते. मला रंग तपासायचा होता, म्हणून रंगाची बाजू वर. प्रयोगशाळेत हे इतके उघड होते की त्याचा विचार करावा लागला नव्हता.

"सगळी अशीच?" मी विचारले.

"सगळी. पहिली चार सोडून. ती बटर पेपरवर काढली, तवा कापड आलं नव्हतं. बटर पेपरला काय, वरनंच फासायचा."

माझा आधीचा काळ, संकेत रूढ होण्यापूर्वीचा.

तरी मी शेवटचे विचारून घेतले. "काका, तुम्ही कड्यासमोर उभे राहिलात की जनावरांची तोंडं कुठल्या बाजूला यायची?"

काकांनी विचारसुद्धा केला नाही. त्यांच्या डाव्या हातात चहाचा कप होता, तोच त्यांनी उचलून दाखवला. "हिकडं. तळाकडं. आमचे लोक म्हणायचे, रेशन आलं का बघत्यात." त्यांनी कप खाली ठेवला. "का गं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. वर्षापूर्वी हाच प्रश्न विचारायला मला अर्धे मिनिट लागले असते.

घरी जाऊन मी प्रत्येक कापड तपासले. संशयाला जागा नव्हती. कड्यावरची सगळी जनावरे डावीकडे बघत होती, बनी पार्कातल्या मुलींच्या बकऱ्यांसारखी. त्या माणसांनी कोणताही संकेत पाळला नव्हता. त्यांचा हात जिकडे सहज गेला तिकडे त्यांनी तो जाऊ दिला होता. निबंधातून दिशेचा भाग काढला की उरत होते ते लोह.

पुढचे सात दिवस मी काय करावे याचा विचार केला, असे म्हणणे सोपे आहे. उत्तर मला पहिल्या तासातच ठाऊक होते. सात दिवस मी ते टाळण्याच्या वाटा तपासल्या. प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि खुर्ची पंख्याखाली सरकवली. "छप जाने दो, बेटी। जाओ, वहाँ पहुँचो। साल भर बाद एक छोटा-सा शुद्धिपत्र भेज देना। सब यही करते हैं।" ते वाईट मनाने बोलत नव्हते. विभागातून परदेशी जाणारी मी पहिली मुलगी ठरले असते आणि त्यांनी ते सगळ्यांना सांगून टाकले होते.

वडिलांना मी रात्रीच्या जेवणानंतर सांगितले.

"चूक केवढी आहे?" त्यांनी विचारले.

"निष्कर्षाएवढी."

"त्यांना कळेल?"

"नाही. कोणी त्या कड्यापर्यंत जाऊन बघेल तेव्हाच."

"आणि कोण जाणार आहे?" आई म्हणाली.

वडिलांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "असं लिही. 'नकलांच्या विशिष्ट पद्धतीमुळे आकृत्यांच्या दिशेबाबत काही संदिग्धता संभवते.' आम्ही असंच लिहितो. कोणी विचारलं तर लिहिलेलं असतं. आणि कोणी विचारत नाही."

वाक्य उत्तम होते. मी ते इंग्रजीत उतरवले आणि वाचले. त्यात कोणी माणूसच नव्हता. दुसऱ्या मसुद्यात माणूस आला: 'नकलाकाराने रंग कापडाच्या मागील बाजूस भरल्यामुळे चूक घडली.' शब्दशः खरे. काकांना ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळाली असती, तीच मी त्यांच्या डोक्यावर टाकत होते; निबंधात त्यांचे नाव घालायला जागा नव्हती, आणि चुकीत मात्र त्यांना पहिल्या ओळीत जागा मिळत होती. तो कागद मी फाडला. हे चांगुलपणाने केले, असे मी म्हणणार नाही. मला फक्त एवढे दिसत होते की त्या प्रयोगशाळेत पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मला कोणीतरी सांगेल, तुझा तो दिशेचा मुद्दा पुढे ने. आणि मग वर्षभर, दररोज, मला ती उजवीकडे वळवलेली हरणे मांडून बसावे लागेल. एवढी ताकद माझ्यात शिल्लक नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी मी लिहिले की नक्कल योग्य होती, मी ती उलटी वाचली. दिशेविषयीचा संपूर्ण भाग मागे घ्यावा. पत्र स्वतः टपालघरात नेऊन नोंदवले. खिडकीवरच्या कारकुनाने पत्ता वाचला आणि म्हणाला, "बधाई हो बहनजी, साहब ने मिठाई खिलाई थी।"

त्यानंतर दोन दिवसांनी वडील दुपारी घरी आले. ते दुपारी कधी येत नसत. त्यांनी टेबलावर एक छापील कागद ठेवला आणि त्यावर काचेचा पेला, उडू नये म्हणून. टपालात टाकलेले पत्र परत मागवण्याचा तो अर्ज होता. पत्ता, तारीख, नोंदणीक्रमांक, सगळे त्यांनी भरलेले होते. नेहमीचे ठसठशीत अक्षर. सहीची जागा मोकळी होती.

"अजून दिल्लीत असेल," ते म्हणाले. "तार केली तर थांबेल."

"बाबा, हे नियमात बसतं?"

"नियमात बसतं म्हणून तर आणलाय." त्यांना राग आला होता, माझा की स्वतःचा, ते कळले नाही. "कोणाचंही पत्र असतं तरी आणला असता, असं नाही म्हणत मी."

बाहेर धूळ उठली होती. आईने खिडक्या लावल्या आणि खोली अंधारली. मी पेला उचलून पाणी प्यायले आणि तो परत अर्जावर ठेवला. वडील दहा मिनिटे बसले, मग टोपी घेऊन निघून गेले. अर्ज संध्याकाळपर्यंत तिथेच होता. त्यावर पेल्याच्या बुडाचा गोल उमटला होता. नंतर आईने तो घडी घालून कपाटात ठेवला.

महिन्याभराने उत्तर आले. पाकीट या खेपेस पातळ होते, आणि पोस्टमनने ते काही न बोलता दिले. मंडळाने माझ्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली होती. निष्कर्ष मागे घेतला गेल्यामुळे बक्षीस गुणक्रमातल्या पुढच्या निबंधाला देण्यात येत होते. लाल रंगाच्या पृथक्करणाविषयी मी अर्ध्या पानाचे टिपण पाठवल्यास त्याचा विचार होऊ शकेल, असेही लिहिले होते. मी ते पाठवले. शेवटी एक ओळ घातली होती, की या कड्यावरील प्राण्यांची तोंडे अपेक्षेप्रमाणे डावीकडे आहेत. पुढे टिपण छापून आले तेव्हा ती ओळ गाळलेली होती. तीत नवे काही नव्हते.

वडिलांना दिलेला शब्द मी पाळायला तयार होते. उत्तर आले त्याच रात्री मी म्हणाले, "पुण्याला कळवा." वडील हातातल्या वर्तमानपत्राकडे बघत म्हणाले, "त्यांचं दुसरीकडे ठरलं. बक्षिसाचं मी कळवल्यावर लगेच. मुलगी विलायतेला जाणार, म्हणाले, मग आम्ही किती थांबायचं." हे त्यांनी मला महिनाभर सांगितले नव्हते. आई हसू लागली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि मग आम्ही तिघांनी ताक प्यायले. पुढे वडिलांची बदली झाली तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले नाही. जयपुरातल्याच एका मुलींच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेण्याची जागा मिळाली होती. अजून तीच आहे. दर वर्षी अर्ज करते, वेगवेगळ्या ठिकाणी, आणि अर्ज चांगले असतात.

पण त्याआधी गुंडाळी परत करायची राहिली होती. मी जुलैत खातीपुऱ्याला गेले. आभाळ भरलेले होते आणि पाऊस नव्हता.

"मग?" काका म्हणाले. "बक्षीस?"

"दुसऱ्याला दिलं."

"बघा," काकू आतून म्हणाल्या. "तुमच्या चिंध्यांनी पोरीचं विमान चुकवलं."

"त्यांच्या नाही, काकू. चूक माझी होती. मी तसं लिहिलंय."

काकांनी चष्म्याच्या काड्या पुसल्या. "माझं नाव घातलं होतंस का गं त्यात?"

"नाही, काका."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "नावासकट उलटं छापलं असतं."

ते कोणत्या अर्थाने म्हणाले, हे मला आजही नीट ठरवता आलेले नाही. टिपणात मी त्यांचे नाव घातले होते, ते त्यांना अजून ठाऊक नव्हते. आणि तेवढ्याने काही फिटत नव्हते, म्हणून मी ते सांगितले नाही.

त्यांनी दौत काढली. गुंडाळी सोडून एकेक कापड बोर्डावर घेतले, सरळ केले आणि खालच्या कोपऱ्यात बारीक, नकाशावर गावांची नावे लिहितात तशा अक्षरांत लिहू लागले: 'पुढची बाजू'. मग त्याखाली तेच इंग्रजीत. एक झाले की मला देत आणि मी ते पलंगावर वाळत ठेवी. रेघ सुरू करण्याआधी ते श्वास धरत.

"आता कशाला, काका?"

"माझ्या मागं कोणाच्या हातात पडतील, काय सांगावं. तुझ्यासारखीच एखादी हुशार आली तर?"

आतून काकूंचे हसू ऐकू आले. पलंग भरला तेव्हा आम्ही कापडे ट्रंकेवर ठेवली, नंतर खुर्चीवर. सगळी हरणे, जिराफ, हत्ती स्वयंपाकघराकडे तोंड करून होते. काकांनी टाक पुसला आणि म्हणाले, "त्या सार्जंटाचं माकड होतं ना, ते सांगत होतो तुला. घाईत असशील तर ऱ्हाऊ दे."

चार वाजता तराजूची पाळी नव्हती. तराजूच आता माझा नव्हता. मी भिंतीला टेकून बसले, काकूंकडे आणखी एक चहा मागितला आणि म्हणाले, "सांगा."